यकृतातील अवघड जागेच्या गाठी आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया: निदानापासून पाठपुराव्यापर्यंत

सीटी स्कॅनच्या अहवालात ‘सेगमेंट ७ मध्ये ३.२ सेंटिमीटरची गाठ’ असे वाक्य आले की रुग्णाचे आणि कुटुंबीयांचे लक्ष ३.२ या आकड्यावर खिळते. शस्त्रक्रियेच्या दृष्टीने मात्र ७ हा आकडा तितकाच, आणि कित्येकदा अधिक महत्त्वाचा असतो. यकृताच्या पुढच्या कडेला असलेली सहा सेंटिमीटरची गाठ दुर्बिणीने काढणे तुलनेने सोपे असू शकते, तर मागे, बरगड्यांच्या आड आणि मोठ्या शिरेला लागून बसलेली दोन सेंटिमीटरची गाठ अनुभवी सर्जनलाही विचारात पाडते. म्हणून ‘दुर्बिणीने होईल का?’ या प्रश्नाने सुरुवात करण्यापेक्षा गाठ नेमकी कोठे आहे, ती कशाची आहे आणि ती काढल्यावर किती यकृत उरेल, या तीन गोष्टी आधी समजून घ्याव्यात. छेद लहान असावा की मोठा, याचे उत्तर त्यांतूनच निघते.

पहिली पायरी: गाठीचा पत्ता नीट समजून घ्या

फ्रेंच शरीररचनाशास्त्रज्ञ क्लोद कुइनो यांनी १९५०च्या दशकात यकृताची आठ खंडांत (सेगमेंटमध्ये) मांडणी केली आणि आजही अहवालांत तीच वापरली जाते. प्रत्येक खंडाला रक्त पुरवणारी आणि पित्त वाहून नेणारी स्वतंत्र शाखा असते, त्यामुळे एखादा खंड काढला तरी शेजारचा खंड जगू शकतो. २ आणि ३ हे खंड डाव्या टोकाला, ४ हा मधल्या भागात, ५ आणि ६ उजवीकडे खालच्या बाजूला, तर ७ आणि ८ उजवीकडे वर, थेट श्वासपटलाखाली असतात. खंड १ यकृताच्या मागच्या बाजूला, इन्फिरिअर व्हेना कावा या मोठ्या शिरेला वेढून बसलेला असतो. ७, ८, १ आणि ४ चा वरचा भाग, ज्याला ४ए म्हणतात, हे दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेतील अवघड खंड मानले जातात.

ते अवघड का, हे कळले की पुढच्या साऱ्या तयारीचा अर्थ लागतो. दुर्बीण बहुधा बेंबीच्या आसपासून आत जाते आणि तेथून यकृताची पुढची, खालची कड समोर दिसते; वरचा आणि मागचा भाग मात्र यकृताच्याच फुगवट्याआड राहतो. नेहमीच्या दुर्बीण शस्त्रक्रियेतील अवजारे सरळ दांड्याची असतात, आणि गोलाकार पृष्ठभागाच्या पलीकडे वळून कापणे सरळ दांड्याला कठीण जाते. त्यातच यकृतातले रक्त हृदयाकडे नेणाऱ्या तीन मोठ्या हिपॅटिक शिरा याच भागात एकत्र येतात. त्यांच्या भिंती पातळ असतात आणि त्या फाटल्या तर रक्तस्राव वेगाने होतो. उघड्या शस्त्रक्रियेत सर्जन हाताने यकृत दाबून धरू शकतो, पण दुर्बिणीत ती सोय नसते.

म्हणून स्कॅन पाहताना डॉक्टरांकडून चार गोष्टी स्पष्ट करून घ्याव्यात: गाठ कोणत्या खंडात आहे, पृष्ठभागापासून किती खोल आहे, हिपॅटिक शिरांपासून आणि व्हेना कावापासून किती मिलिमीटरवर आहे, आणि यकृताच्या दारातून आत शिरणाऱ्या पोर्टल शिरेच्या व पित्तनलिकेच्या मुख्य शाखांशी तिचा काय संबंध आहे. अहवालात हे लिहिलेले नसेल तर रेडिओलॉजिस्टना पडद्यावर दाखवायला सांगण्यात संकोच बाळगू नये. पाच मिनिटांत पडद्यावर जे कळते, ते पानभर मजकुरातून कळत नाही.

दुसरी पायरी: गाठ कशाची आहे, याची खात्री करा

यकृतातली प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. हिमॅन्जिओमा ही रक्तवाहिन्यांची गाठ आणि फोकल नोड्युलर हायपरप्लासिया या दोन्ही सौम्य असतात, आणि त्रास देत नसतील तर बहुतेक वेळा त्यांना हातही लावावा लागत नाही. ॲडेनोमा ही यकृतपेशींची सौम्य गाठ मात्र वेगळी आहे. ती पाच सेंटिमीटरहून मोठी असल्यास, किंवा पुरुषांत आढळल्यास, रक्तस्रावाच्या आणि कर्करोगात रूपांतर होण्याच्या धोक्यामुळे काढण्याचा सल्ला दिला जातो. कर्करोगाच्या गाठींमध्ये यकृतात उगम पावणारा हिपॅटोसेल्युलर कार्सिनोमा, पित्तनलिकेचा कर्करोग आणि इतर अवयवांतून, विशेषतः मोठ्या आतड्यातून, पसरून आलेल्या गाठी येतात.

निदानासाठी रंगद्रव्य देऊन तीन टप्प्यांत केलेला सीटी आणि यकृतपेशींत शिरणारे रंगद्रव्य वापरून केलेला एमआरआय या सर्वांत उपयोगी तपासण्या होत. त्यासोबत रक्तातील अल्फा फीटोप्रोटीन, सीईए आणि सीए १९-९ या कर्करोगसूचक द्रव्यांची पातळी, तसेच हिपॅटायटिस बी आणि सी यांच्या चाचण्या केल्या जातात. सिरॉसिस (दीर्घ इजेमुळे यकृत घट्ट आणि गाठाळ होणे) असलेल्या रुग्णात गाठीचे रंगद्रव्य घेण्याचे आणि सोडण्याचे वर्तन ठरावीक पद्धतीचे दिसले तर सुईने तुकडा न काढताही यकृतकर्करोगाचे निदान करता येते. शस्त्रक्रिया होणारच असेल तर बायॉप्सी कशासाठी, हे जरूर विचारावे, कारण सुईच्या मार्गात कर्कपेशी रुजण्याचा धोका थोडा का होईना असतो.

येथे एक गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते. छेद लहान आहे, दोन दिवसांत घरी जाता येईल, म्हणून सौम्य गाठ ‘काढून टाकू’ असे होता कामा नये. जी गाठ उघड्या शस्त्रक्रियेने काढण्याची गरज नव्हती, ती दुर्बिणीनेही काढण्याची गरज नसते.

तिसरी पायरी: उरणाऱ्या यकृताचा हिशेब

यकृताची शस्त्रक्रिया करताना काय काढायचे यापेक्षा काय मागे ठेवायचे, याला अधिक महत्त्व असते. सीटीच्या प्रतिमांवरून संगणकाच्या साहाय्याने उरणाऱ्या भागाचे आकारमान मोजले जाते. यकृत निरोगी असेल तर एकूण कार्यक्षम यकृताच्या साधारण २० ते २५ टक्के भाग उरला तरी चालतो. दीर्घ केमोथेरपी झालेली असेल तर किमान ३० टक्के आणि सिरॉसिस असेल तर ४० टक्के भाग उरावा, असा सर्वसाधारण दंडक आहे. सिरॉसिसमध्ये केवळ आकारमान पुरेसे नसते. बिलिरुबिन, अल्ब्युमिन, रक्त गोठण्याची आयएनआर चाचणी, पोटातील पाणी आणि मेंदूवरील परिणाम यांवरून यकृत कितपत काम करते हे सांगणारा चाइल्ड-प्यू वर्ग काढला जातो; प्लेटलेट कमी असणे आणि अन्ननलिकेतील शिरा फुगलेल्या असणे हे पोर्टल शिरेतील दाब वाढल्याचे लक्षण मानले जाते. अनेक केंद्रांत इंडोसायनिन ग्रीन हे हिरवे द्रव्य शिरेतून देऊन १५ मिनिटांनी त्यातले किती रक्तात शिल्लक आहे, हेही तपासतात.

एक कल्पित उदाहरण घेऊ. कोणाच्या यकृताचे आकारमान १,४०० मिलिलिटर आहे आणि गाठ खंड ७ मध्ये आहे. संपूर्ण उजवे यकृत काढले तर सुमारे ९०० मिलिलिटर भाग जाईल आणि ५०० मिलिलिटर, म्हणजे जवळपास ३६ टक्के, उरेल. निरोगी यकृतात हे चालू शकते, पण सिरॉसिसमध्ये ते धोक्याचे आहे. फक्त खंड ७ काढला तर बराच मोठा भाग वाचतो, मात्र तांत्रिकदृष्ट्या ही शस्त्रक्रिया उजवे यकृत काढण्यापेक्षा सोपी नसते. दुर्बिणीने तर ती अधिक अवघड ठरू शकते. याच ठिकाणी एक मोह असतो: अवघड कोपऱ्यातली लहान गाठ काढण्यासाठी सोयीचे म्हणून अर्धे यकृत काढण्याचा. आपल्या बाबतीत यकृत वाचवणारी शस्त्रक्रिया शक्य आहे का, आणि नसेल तर का नाही, हा प्रश्न रुग्णाने विचारलाच पाहिजे. दुर्बिणीने अर्धे यकृत गमावण्यापेक्षा उघड्या शस्त्रक्रियेने एकच खंड गमावणे कित्येकदा हिताचे असते.

उरणारा भाग खरोखरच अपुरा असेल तर जो भाग काढायचा आहे त्याकडे जाणारी पोर्टल शाखा आधी बंद केली जाते. रक्तप्रवाह दुसऱ्या बाजूकडे वळतो, ती बाजू सुमारे चार ते सहा आठवड्यांत वाढते आणि मग शस्त्रक्रिया करता येते.

चौथी पायरी: शस्त्रक्रियेखेरीज असलेले पर्याय तपासा

तीन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठी त्वचेतून सुई घालून रेडिओफ्रीक्वेन्सी किंवा मायक्रोवेव्हच्या उष्णतेने जाळता येतात. अवघड जागेतील लहान आणि खोल गाठीसाठी हा पर्याय गांभीर्याने विचारात घ्यावा. मात्र गाठ मोठ्या रक्तवाहिनीला लागून असेल तर वाहते रक्त उष्णता खेचून नेते आणि कडेच्या पेशी जिवंत राहू शकतात. गाठ मुख्य पित्तनलिकेजवळ असेल तर नलिकेलाच इजा होऊ शकते. अचूक रोखलेली किरणोपचार पद्धत, गाठीच्या धमनीतून औषध सोडण्याची पद्धत आणि सिरॉसिसमध्ये यकृत प्रत्यारोपण हे इतर मार्ग आहेत. प्रत्यारोपणासाठी १९९६ मध्ये मांडलेले मिलान निकष अजूनही आधारभूत मानले जातात: पाच सेंटिमीटरपर्यंतची एक गाठ, किंवा प्रत्येकी तीन सेंटिमीटरपर्यंतच्या जास्तीत जास्त तीन गाठी, आणि मोठ्या रक्तवाहिन्यांत किंवा यकृताबाहेर प्रसार नसणे. सर्जन, रेडिओलॉजिस्ट, कर्करोगतज्ज्ञ आणि यकृतरोगतज्ज्ञ यांनी एकत्र बसून आपल्या प्रकरणाची चर्चा केली आहे का, हे विचारावे आणि त्या चर्चेचा निष्कर्ष लेखी घ्यावा.

पाचवी पायरी: दुर्बीण, रोबॉट की उघडी शस्त्रक्रिया

यकृताच्या दुर्बीण शस्त्रक्रियांना १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला आरंभ झाला. २००८ मध्ये अमेरिकेतील लुइव्हिल येथे जमलेल्या तज्ज्ञांनी खंड २ ते ६ मधील, पाच सेंटिमीटरपर्यंतच्या एकट्या गाठी या पद्धतीला सर्वांत योग्य ठरवल्या होत्या. अवघड खंड त्या यादीबाहेर होते. त्यानंतर २०१४ मध्ये जपानमधील मोरिओका आणि २०१७ मध्ये इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथे तज्ज्ञांच्या परिषदा झाल्या आणि अनुभव वाढत गेला तसतशी ही सीमा सरकली, पण ती अनुभवी केंद्रांपुरती, हे विसरू नये.

फायदा किती, याचे चांगले मोजमाप नॉर्वेतील ऑस्लो-कॉमेट या चाचणीत झाले. मोठ्या आतड्यातून यकृतात पसरलेल्या गाठी असलेल्या २८० रुग्णांना चिठ्ठी पद्धतीने दोन गटांत विभागले गेले. शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंती दुर्बिणीच्या गटात १९ टक्के, तर उघड्या शस्त्रक्रियेच्या गटात ३१ टक्के आढळल्या. रुग्णालयातील मुक्काम अनुक्रमे सुमारे ५३ आणि ९६ तासांचा होता. आयुर्मानात मात्र दोन्ही गटांत फरक दिसला नाही. म्हणजे लहान छेदाने वेदना, गुंतागुंत आणि मुक्काम कमी होतो; कर्करोग अधिक चांगला बरा होतो, असे नाही. शिवाय ही चाचणी यकृताचा मर्यादित भाग काढण्याची होती, अर्धे यकृत काढावे लागणाऱ्या रुग्णांचा तिच्यात समावेश नव्हता.

रोबॉटच्या अवजारांना मनगटासारखी वळणारी टोके असतात आणि दृश्य त्रिमितीय असते. खंड ७, ८ आणि १ मध्ये हे वळणे खरोखर उपयोगी पडते. मात्र बहुतेक यंत्रांत स्पर्शाची जाणीव सर्जनच्या हातापर्यंत पोहोचत नाही, आणि रोबॉट स्वतः काहीही कापत नाही. जे काही करतो ते कन्सोलवर, म्हणजे रोबॉट चालवण्याच्या आसनावर, बसलेला माणूसच.

अवघडपणा मोजण्यासाठी आयवाते गुणांकन वापरले जाते. त्यात गाठीची जागा, आकार, मोठ्या वाहिनीशी जवळीक, काढायच्या भागाचा विस्तार, यकृताची कार्यक्षमता आणि हाताची किंवा लहान छेदाची मदत घेणार की नाही, हे सहा घटक मोजले जातात. आपल्या शस्त्रक्रियेची पातळी काय, असे सर्जनला विचारावे. त्याचबरोबर याच खंडांतील किती शस्त्रक्रिया त्यांनी दुर्बिणीने केल्या आहेत, त्यांतल्या किती उघड्या कराव्या लागल्या, गरज पडल्यास रात्रीही रेडिओलॉजीची टीम उपलब्ध असते का, हेही विचारावे. जो सर्जन या प्रश्नांची शांतपणे आकड्यांत उत्तरे देतो, त्याच्यावर विश्वास ठेवणे सोपे जाते.

सहावी पायरी: तयारी

धूम्रपान किमान चार आठवडे आधी आणि मद्यपान पूर्णपणे बंद करावे. केमोथेरपीचा शेवटचा डोस आणि शस्त्रक्रिया यांत साधारण चार ते सहा आठवड्यांचे अंतर ठेवतात. बेव्हासिझुमॅब हे कर्करोगावरचे औषध दिले असेल तर जखम भरण्याच्या दृष्टीने हे अंतर विशेष काटेकोरपणे पाळले जाते. रक्त पातळ करणारी औषधे कधी थांबवायची, हे डॉक्टरांनीच ठरवायचे असते. हिपॅटायटिस बीची औषधे तर कोणत्याही कारणाने स्वतःहून थांबवू नयेत. रोज चालणे, प्रथिनयुक्त आहार आणि स्पायरोमीटर या श्वासाच्या व्यायामाच्या उपकरणावर सराव, या तीन गोष्टी रुग्णाच्या स्वतःच्या हातात असतात. उजव्या बाजूच्या वरच्या भागात शस्त्रक्रिया झाली की श्वासपटल काही दिवस मंदावते, म्हणून श्वासाचा सराव आधीपासूनच अंगवळणी पडलेला बरा. संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी त्यात ‘गरज पडल्यास उघडी शस्त्रक्रिया’ हे शब्द आहेत, हे वाचून घ्यावे.

सातवी पायरी: शस्त्रक्रियागृहात काय घडते

पूर्ण भूल दिल्यानंतर रुग्णाची स्थिती गाठीच्या जागेनुसार ठरते. खंड ७ किंवा ८ साठी रुग्णाला डाव्या कुशीवर, डोके वर राहील असे झुकवून ठेवतात, म्हणजे यकृत स्वतःच्या वजनाने डावीकडे ओघळते आणि मागची बाजू उघडी पडते. कार्बन डायऑक्साइडने पोट फुगवले जाते. दाब साधारण १० ते १४ मिलिमीटर पारा इतका ठेवतात. छेद नेहमीपेक्षा वर आणि उजवीकडे घेतात, आणि काही वेळा बरगड्यांमधूनही एखादी नळी आत घालतात, जेणेकरून अवजार वरून सरळ गाठीवर पोहोचावे. त्यानंतर यकृताला श्वासपटलाशी बांधून ठेवणारे पडदे सोडवले जातात. अवघड खंडांत निम्मे यश या सोडवण्यातच असते, कारण नीट सैल न झालेले यकृत दूरवरून, तिरक्या कोनात कापावे लागते.

पुढे दुर्बिणीतून आत जाणारा अल्ट्रासाउंडचा प्रोब यकृतावर फिरवून गाठ, तिच्या आसपासच्या शिरा आणि स्कॅनमध्ये न दिसलेल्या इतर गाठी शोधल्या जातात आणि कापण्याची रेषा आखली जाते. हाताने चाचपणे शक्य नसल्यामुळे ही पायरी टाळता येत नाही. इंडोसायनिन ग्रीन येथे पुन्हा उपयोगी पडते: काढायच्या खंडाची रक्तवाहिनी बंद करून हे द्रव्य शिरेतून दिले की विशेष कॅमेऱ्यात बाकीचे यकृत चमकते आणि तो खंड काळा राहतो, त्यामुळे खंडाची सीमा दिसते. पृष्ठभागापासून सुमारे एक सेंटिमीटरहून खोल असलेले मात्र या प्रकाशात दिसत नाही.

रक्तस्राव रोखण्यासाठी तीन गोष्टी एकत्र केल्या जातात. यकृताच्या दारापाशी असलेल्या रक्तवाहिन्यांभोवती पट्टी टाकून ती बाहेरून आवळण्याची सोय करतात. १९०८ मध्ये जेम्स हॉगर्थ प्रिंगल यांनी वर्णन केलेली ही युक्ती आजही सर्वत्र वापरली जाते, आणि साधारण १५ मिनिटे आवळून पाच मिनिटे सोडणे असा तिचा क्रम असतो. भूलतज्ज्ञ शिरेवाटे दिला जाणारा द्रव मर्यादित ठेवून मध्यवर्ती शिरेतील दाब कमी राखतात, म्हणजे हिपॅटिक शिरांतून उलट येणारे रक्त कमी होते. पोटातील वायूचा दाबही शिरांना बाहेरून थोडा आधार देतो. या दोन दाबांचा तोल नाजूक असतो, कारण शिरेला छिद्र पडले आणि आतला दाब फारच कमी असला तर वायू शिरेत शिरू शकतो. कार्बन डायऑक्साइड रक्तात सहज विरघळत असल्याने लहान बुडबुडे बहुधा निभावून जातात, तरी श्वासातील कार्बन डायऑक्साइड एकाएकी घटला तर भूलतज्ज्ञ तत्काळ सावध होतात.

मग यकृताचा गर अल्ट्रासोनिक अवजाराने हळूहळू फोडत वाहिन्या उघड्या केल्या जातात. बारीक वाहिन्या उष्णतेने, मध्यम क्लिपने आणि मोठ्या स्टेपलरने बंद करतात. काढलेला भाग पिशवीत घालून बहुधा ओटीपोटावरच्या आडव्या छेदातून अखंड बाहेर काढतात, कारण तुकडे केले तर कडा निरोगी आहेत की नाहीत, हे पॅथॉलॉजिस्टला सांगता येत नाही.

रक्तस्राव आवरत नसेल, तास-दीड तास काम पुढे सरकत नसेल किंवा गाठीची कड सुरक्षित राहील याची खात्री वाटत नसेल, तर पोट उघडणे हाच योग्य निर्णय असतो. कुटुंबीयांना तो धक्का वाटतो, परंतु वेळेवर पोट उघडणारा सर्जन रुग्णाचे हितच पाहत असतो.

आठवी पायरी: रुग्णालयातील दिवस

उजवा खांदा दुखणे हे श्वासपटलाखाली उरलेल्या वायूमुळे असते आणि ते दोन-तीन दिवसांत ओसरते. त्याच दिवशी घोटघोट पाणी आणि दुसऱ्या दिवसापासून चालणे सुरू होते. पोटात साचणारा द्रव बाहेर काढणारी ड्रेनची नळी प्रत्येकाला लागतेच असे नाही. ती असेल तर तिसऱ्या दिवसापासून तिच्यातल्या द्रवाचे बिलिरुबिन रक्ताच्या तिप्पट किंवा अधिक आढळल्यास पित्तगळती समजली जाते. अशा बहुतेक गळती नळी ठेवून किंवा एंडोस्कोपीने पित्तनलिकेत स्टेंट (बारीक नळी) घालून बऱ्या होतात. मोठा भाग काढला असेल तर पाचव्या दिवसाचे आयएनआर आणि बिलिरुबिन आवर्जून पाहावे. आयएनआर १.७ च्या वर आणि बिलिरुबिन दर डेसिलिटरला सुमारे ३ मिलिग्रॅमच्या वर, अशी जोडी त्या दिवशी आढळली तर उरलेले यकृत पुरे पडत नाही, अशी शंका घेतली जाते.

नववी पायरी: घरी

चार ते सहा आठवडे जड वजन उचलू नये. कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर रक्ताच्या गुठळ्या टाळण्यासाठी दिलेली इंजेक्शने चार आठवड्यांपर्यंत घ्यावी लागू शकतात; बरे वाटते म्हणून ती सोडू नयेत. वेदनाशामक गोळी, अगदी पॅरासिटामॉलसुद्धा, ठरवून दिलेल्या प्रमाणापेक्षा जास्त घेऊ नये, आणि ‘यकृत साफ करणारी’ म्हणून विकली जाणारी चूर्णे, काढे किंवा कॅप्सूल या काळात पूर्णपणे टाळावीत, कारण त्यांतील काही यकृतालाच इजा करतात. ३८ अंश सेल्सिअसहून जास्त ताप, डोळे पिवळे होणे, लघवी गडद आणि शौच पांढुरके होणे, काळे शौच, पोट फुगत जाणे, जखमेतून पिवळा-हिरवा स्राव, एका पायाला सूज, धाप लागणे किंवा रुग्ण गुंगीत, गोंधळलेला वाटणे, यांपैकी काहीही दिसल्यास पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

दहावी पायरी: अहवाल आणि पाठपुरावा

पॅथॉलॉजीच्या अहवालात गाठीचा प्रकार, कापलेल्या कडेपासूनचे अंतर, सूक्ष्म रक्तवाहिन्यांत शिरकाव आणि उरलेल्या यकृताची अवस्था, या चार नोंदी शोधाव्यात. मोठ्या आतड्यातून आलेल्या गाठींत एक मिलिमीटरची निरोगी कडही पुरेशी मानली जाते. उरलेले यकृत पुढच्या काही आठवड्यांत आणि महिन्यांत आकाराने वाढते, पण काढलेला खंड पुन्हा उगवत नाही; शिल्लक भागच मोठा होतो, म्हणून पुढच्या स्कॅनमध्ये यकृताचा आकार वेगळा दिसल्यास घाबरू नये.

पहिली दोन वर्षे साधारण दर तीन ते चार महिन्यांनी आणि नंतर पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी सीटी किंवा एमआरआय आणि रक्तातील संबंधित चाचणी केली जाते. सिरॉसिस असेल तर तपासण्या त्यानंतरही चालू ठेवाव्या लागतात. प्रत्येक वेळी आधीचे सर्व स्कॅन सीडीवर आणि शस्त्रक्रियेची टिपणी कागदावर सोबत न्यावी. यकृतात पुन्हा गाठ उद्भवली तर दुसरी शस्त्रक्रिया अनेकदा शक्य असते, आणि पहिल्या वेळी कोणत्या शिरा राखल्या आणि कोणत्या बंद केल्या, हे त्या टिपणीतच लिहिलेले असते.